तालमीच्या पेटीतल्या व्हीएचएस कॅसेट: व्हीसीआर चालू करण्यापासून पुढच्या नोंदी

काम असं आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे, व्हीएचएस म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटनी भरलेली. शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने, गणपतीच्या मिरवणुका, खासबागेतल्या एका कुस्ती मैदानाचं शूटिंग आणि पेठेतल्या लोकांनी 'तालमीत नीट राहील' म्हणून आणून ठेवलेल्या लग्नाच्या कॅसेट. हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं. बाहेर कॅसेटमागं जो दर सांगतात तो तालमीला झेपणारा नाही, आणि बुरशी आलेली कॅसेट कुणी हातात घेत नाही. म्हणून त्या लावायचं मशीन, म्हणजे व्हीसीआर, आपणच चालू करायचं ठरलं. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पेटी खाली काढली. कुणीतरी शहाण्यानं आत डांबरगोळ्या टाकल्या होत्या, त्यामुळं झुरळं नव्हती. मशीनला हात लावायच्या आधी कॅसेट निवडून घेतल्या. बुरशीची एक कॅसेट मशीनमध्ये गेली की ती बुरशी पट्टी वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कॅसेटच्या खिडकीतून बॅटरी मारून पट्टीची कड बघायची. काळी, एकसारखी, चकाकणारी असली तर चांगली. पांढरे ठिपके किंवा करडा थर दिसला तर वेगळी ठेवायची. मग पुढची झडप उघडून पट्टी सुरकुतली आहे का ते बघायचं.

तीन ढीग झाले: स्वच्छ, बुरशीच्या, आणि २०१९ च्या पुरात भिजलेल्या. तिसरा ढीग शाहूपुरीतल्या एका घरातला. पाणी ओसरल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, तो परत उघडलाच नव्हता.

दुसरं काम टिकल्यांचं. कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची टिकली असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आमच्या बऱ्याच कॅसेटची टिकली शाबूत होती आणि काहींवर मोडलेल्या जागी सेलोटेप लावलेली होती, म्हणजे कुणीतरी मुद्दाम वर दुसरं काहीतरी घेतलंय. काय गेलंय ते लावल्यावर कळेल. सगळ्या टिकल्या मोडल्या, सेलोटेपा काढल्या.

हार्ड डिस्कचा अंदाज बांधताना लेबल बघा. 'ई-१८०' म्हणजे तीन तास. 'टी-१२०' हे अमेरिकन माप, तिकडच्या मशीनवर दोन तास चालणारं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत पट्टी हळू सरकते, त्यामुळं तीच कॅसेट पावणेतीन तासांच्या थोडी वरच जाते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि भंगारवाल्याकडून उचललेली मशीन उघडली. तीन मिळून ९०० रुपये. कंपन्यांची नावं लिहीत नाही. एवढ्या वर्षांनी सगळ्यांचं दुखणं सारखंच आहे.

पडून राहिलेलं मशीन थेट प्लगात घालू नका. १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून मगच वीज द्या. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पहिल्या मशीनला तसंच झालं, ते सुट्या भागांसाठी बाजूला ठेवलं. दुसऱ्याला बल्ब क्षणभर पेटला, मंद झाला आणि समोर घड्याळाचे आकडे लुकलुकायला लागले. तेच कामाला घेतलं. तिसरं तूर्त तसंच ठेवलंय.

आकडे लुकलुकण्याचं कारण पॉवर सप्लायमधले वाळलेले कपॅसिटर. एकेक मोजत बसण्यापेक्षा त्या भागातले सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, १०५ अंश तापमान सोसणारे घेतले. इथं एकच इशारा: मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर राहतात. पेचकस टेकवून ठिणगी पाडायची सवय असेल तर सोडा. रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरनं खात्री करा.

२४ नोव्हेंबर, रविवार

वीज नीट आली, पण कॅसेट आत जाईना. खालची पत्रा-प्लेट काढली तर लोडिंग मोटरचा रबरी पट्टा वितळून काकवी झालेला. पुली, गिअर, बोटं, शर्ट, सगळीकडं तो काळा चिकटा. स्पिरिटनं पुसण्यातच दुपार गेली. हा चिकटा राहिला तर नवा पट्टाही सरकतो, त्यामुळं इथं घाई नको. नव्या पट्ट्याचं माप पुलींभोवती दोरा गुंडाळून घेतलं आणि त्याहून किंचित आखूड पट्टा घेतला. टेपरेकॉर्डरच्या जुन्या पट्ट्यांच्या पुड्यातला एक बसला.

मग एक फालतू कॅसेट घातली. पहिल्या चाचणीला कामाची कॅसेट कधीच घालू नका. ती आत गेली, पट्टी हेडच्या फिरत्या ड्रमवर चढली, टीव्हीवर मुंग्यांमधून चित्र दिसलं आणि काही सेकंदांत मशीन बंद. कॅसेट बाहेर आली ती पट्टीचा फास लोंबकळत.

गल्लीतल्या मामांना बोलावलं. जुने टीव्ही मेकॅनिक, आख्खी पेठ त्यांना मामाच म्हणते. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले तेव्हापासून ते या धंद्यात. फास बघून त्यांनी आत वाकूनसुद्धा बघितलं नाही.

"आयडलर गेलाय. रबर वाळलंय त्याचं."

दोन रिळांच्या मध्ये एक छोटं चाक असतं, ते कधी या रिळाला तर कधी त्या रिळाला टेकून फिरवतं. त्यावरची रबरी कडी कडक झाली की चाक नुसतं घसरतं. मागून पट्टी येत राहते, पुढं गुंडाळली जात नाही. ज्याला आपण 'मशीननं कॅसेट खाल्ली' म्हणायचो ते बहुतेक वेळा हेच. पाच रुपयांच्या रबरापायी लोकांनी मशीनं भंगारात घातली.

३० नोव्हेंबर, शनिवार

आयडलरची कडी ऑनलाइन परदेशातून मागवता येते, पण टपालखर्च मशीनच्या किमतीपेक्षा जास्त. तेव्हा चाक खिशात टाकून शिवाजी उद्यमनगरात गेलो. ज्या भागात ऑइल इंजिनाचे भाग, कास्टिंग, गिअर असलं सगळं घडतं तिथं हे बोटभर चाक काढून दाखवायला लाज वाटत होती.

ओ-रिंगच्या दुकानात व्हर्नियरनं माप घेऊन चार-पाच आकाराच्या नायट्राइल रबराच्या रिंगा घेतल्या. रिंगेचा छेद गोल असतो आणि मूळ कडीचा चौकोनी, त्यामुळं टेकणारी जागा कमी मिळते. जरा घट्ट बसणारी रिंग घेतली तर चालते. सैल घेतलेली बसवून बघितली, ती रिवाइंडला घसरली.

दुसरं दुखणं पिंच रोलरचं. पट्टी पुढं ओढणारा हा रबरी रोलर गुळगुळीत होऊन चकाकत होता. शेजारच्या लेथवाल्या काकांना दाखवला.

"कशातलं हाय हे?"

"व्हीसीआरमधलं, काका."

"आजून हाय व्हय कुणाकडं?" त्यांनी तो उजेडात धरून फिरवला. "माझ्या लग्नाची कॅसेट हाय घरात. लावायची कशावर?"

लेथवर अगदी हळू फेऱ्यांवर रोलर फिरवून बारीक पॉलिश पेपरनं वरचा चकाकणारा थर काढला. जास्त काढायचा नाही. रोलरचा आकार शंकूकडं झुकला तर पट्टी वर-खाली सरकते आणि कड दुमडते. काकांनी पैसे घेतले नाहीत, कॅसेटचा वायदा घेतला.

घरी येऊन बसवलं. फालतू कॅसेट शेवटपर्यंत चालली.

८ डिसेंबर, रविवार

या आठवड्यात जे झालं त्यानं डोकं फिरायची वेळ आली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मशीन उत्तम चालायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी लावलं की कॅसेट आत घेऊन थांबायचं, कधी आपोआप बाहेर टाकायचं. मोड स्विच (लोडिंग कुठवर आलंय ते मशीनला सांगणारा) उघडून साफ केला, लोडिंगचे गिअर परत जुळवले, सोल्डर तपासलं. फरक शून्य. संध्याकाळी पुन्हा व्यवस्थित.

मामा आले, मशीन कुठं ठेवलंय ते बघितलं आणि हसले. "ऊन लागतंय त्येला. फडकं टाक."

झाकण काढलेलं मशीन मी गॅलरीच्या दारात ठेवून काम करत होतो. कॅसेटच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. मधोमध एक दिवा आणि दोन बाजूंना दोन सेन्सर. पट्टी संपली की त्या तुकड्यातून उजेड आरपार जातो आणि मशीनला कळतं की थांबायचं. उघड्या मशीनवर ऊन पडलं की पट्टी संपली असंच त्याला वाटतं. काळं फडकं टाकलं, भर दुपारी मशीन चाललं. झाकण काढून काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं, मोड स्विच नंतर.

१५ डिसेंबर, रविवार

चित्र येतंय पण निम्म्या पडद्यावर मुंग्या. हेड साफ करायचं.

ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो आणि त्यावरची दोन हेड दर फेरीत मिळून एक पूर्ण चित्र वाचतात. एका हेडमध्ये घाण बसली की चित्राच्या निम्म्या ओळी जातात. कापूस वापरायचा नाही, तंतू हेडच्या फटीत अडकतात. साध्या पांढऱ्या कागदाची घडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवायची, स्थिर धरायची आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून फिरवायचा. कागद वर-खाली हलवला तर हेडचा टवका उडतो. मामा बाजूला उभं राहून हेच तीनदा म्हणाले: "हात हलवू नगंस, ड्रम हलीव."

चित्र स्वच्छ आलं. मी नवं हेड कुठं मिळेल विचारलं तर त्यांनी नुसतीच मान हलवली. जेव्हीसीनं १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं. शेवटपर्यंत मशीन बनवणारी जपानची फुनाई कंपनी, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कारणांत सुटे भाग मिळेनात हेही होतं. एके काळी वर्षाला दीड कोटी मशीन विकणारी ही कंपनी बंद करण्याच्या आदल्या वर्षीही साडेसात लाख विकत होती. म्हणजे घेणारे होते, भाग बनवणारे उरले नव्हते. आता जे हेड आहे ते झिजेपर्यंतच हे काम आहे. म्हणून नियम केला: या मशीनवर पिक्चर बघायचा नाही. तालमीतल्या पोरांना हा नियम पटलेला नाही.

२२ डिसेंबर, रविवार

व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायला ७०० रुपयांची यूएसबी कॅप्चर पट्टी घेतली होती. तीन तऱ्हेनं त्रास. एक, पडद्याचा वरचा भाग उजवीकडं वाकतो. दोन, कॅसेटवर मध्ये कोरी जागा आली की रेकॉर्डिंगच बंद पडतं. तीन, तासाभरानं आवाज पुढं आणि ओठ मागं. मिरवणुकीत हे कळत नाही, पण स्टेडियमवर शिट्टी आधी आणि फाउल नंतर दिसायला लागला.

हा दोष सॉफ्टवेअरचा समजून मी सेटिंगांत रात्री घालवल्या. खरं कारण व्हीसीआरचा सिग्नल. कॅसेटची पट्टी ताणली जाते, सैल होते, तसा प्रत्येक ओळीचा वेळ थोडा हलतो. जुना टीव्ही ते निभावून न्यायचा. कॅप्चर पट्टीला ते जमत नाही, ती फ्रेम गाळत जाते.

५ जानेवारी २०२५, रविवार

उपाय मिळाला. राजारामपुरीतल्या मित्राकडं जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून होता. व्हीसीआरची पिवळी, पांढरी, लाल वायर त्यात आणि त्यातून बाहेर काढून कॅप्चरला. डीव्हीडीवर काही रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. आत येणारा सिग्नल तो स्वतःच्या तालावर बांधून बाहेर देतो. वाकणं थांबलं, आवाज जुळला. सगळे डीव्हीडी रेकॉर्डर हे करत नाहीत. आधी तपासून मगच विकत घ्या.

सेटिंग: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस (चित्राच्या ओळी दोन भागांत येणं) आहे तसंच, दर्जा न घटवणारा कोडेक, म्हणजे फाइल साठवायची पद्धत. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा जाते. ही मूळ प्रत तालमीच्या डिस्कवर राहील. लोकांना देताना एमपी४. फुटबॉलची फाइल करताना इंटरलेसचे दोन भाग सुटे करून ५० फ्रेमची केली, नाहीतर चेंडू धडपडत जाताना दिसतो. चित्र चौकोनीच राहू द्या. रुंद टीव्हीभर ताणलं की आमचा गोलकीपर पैलवान दिसतो. आणि चित्राच्या अगदी तळाशी थरथरणाऱ्या ओळी दिसतात, तो बिघाड नाही. जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली त्या झाकल्या जायच्या.

वेळेची पळवाट नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. वीज गेली की पहिल्यापासून, म्हणून यूपीएस जोडला.

केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचा एक सामना सापडला. पोरं जमली, पंधरा मिनिटं आरडाओरडा. मग पेनल्टी घ्यायला आमचा खेळाडू मागं सरकला आणि पडद्यावर टीव्हीवरची मालिका सुरू झाली. सेलोटेप लावलेली कॅसेट ती हीच. त्यात खाली काही उरत नाही, परत काढता येत नाही. गोल झाला होता का यावर तालमीत अजून दोन मतं आहेत.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर ऊन आणि वारा दोन्ही चांगले, म्हणून बुरशीचा ढीग आजच काढला. आपल्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर बंद पेटीत हे होणारच.

कॅसेट काही दिवस सिलिका जेलबरोबर डब्यात ठेवून वाळवल्या होत्या. ओल्या बुरशीला हात लावू नका, ती पट्टीवर फासली जाते. तोंडाला मास्क हवाच. कॅसेटच्या खाली पाच स्क्रू असतात. उघडण्याआधी आतला फोटो काढून ठेवा, कारण दोन स्प्रिंगा उडतात आणि कुठं होत्या ते आठवत नाही. लेथवाल्या काकांनी फळीवर दोन खुंट्या आणि एक हँडल बसवून दिलं. त्यावर दोन्ही रिळं बसवायची, मध्ये धागे न सुटणारं कापड अल्कोहोलमध्ये किंचित ओलं करून चिमटीत धरायचं आणि पट्टी त्यातून जाऊ द्यायची. ई-१८० मध्ये अडीचशे मीटरच्या वर पट्टी असते. हात भरून येतो. कापडाची जागा सारखी बदलायची. नंतर पट्टी दुसऱ्या स्वच्छ खोक्यात बसवायची, जुनं खोकं टाकून द्यायचं. त्यावरचं लेबल मात्र सोडवून नव्यावर लावा. खासबागेची कॅसेट लेबलावरच्या अक्षरावरून ओळखली गेली, कुस्त्यांवरून नाही.

२६ जानेवारी, रविवार

पुराच्या कॅसेट. बहुतेक गेल्या. पंचगंगेचा गाळ आत वाळून पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटलेले. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून सोडवायला गेलो तर वरचा तपकिरी लेपच सुटून आला, खाली नुसतं पारदर्शक प्लास्टिक. लेप गेला म्हणजे चित्र गेलं. भिजल्या भिजल्या पाण्यानं धुतल्या असत्या तर कदाचित वाचल्या असत्या. वाळू दिल्यावर फार उशीर होतो.

एका कॅसेटमध्ये बाहेरचे वेढे खराब आणि आतले घट्ट बसल्यामुळं बरे होते. खराब भाग कापून आतली पट्टी नव्या खोक्याच्या टोकाला जोडली. जोड देताना स्प्लायसिंग टेपच वापरायची, तीही पट्टीच्या मागच्या बाजूला. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरून हेडला लागतो. पाऊण तासाचं बारसं मिळालं. त्या घरच्यांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, बाकीच्या टाकून दिल्या नाहीत ना? नाही दिल्या. पिशवीत बांधून परत केल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

लग्नाच्या कॅसेट संपवल्या. चेहऱ्याभोवती बदाम, पान उलटल्यासारखी फिरणारी चौकट आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिक्चरची गाणी. मंगलाष्टकांवरसुद्धा गाणं. मिक्सिंगवाल्यांनी मूळ आवाज सगळीकडं पुसलेला. शेजारच्या काकूंच्या कॅसेटमध्ये शेवटी मिक्सिंग न झालेला तुकडा राहून गेला होता. पंगतीत त्यांचे सासरे कुणाला तरी 'मठ्ठा वाढ की रं' म्हणून ओरडतायत. आवाज दबका होता, ऑडिओ हेडचा स्क्रू अर्धा फेरा फिरवल्यावर खुलला. फिरवण्याआधी स्क्रूवर खूण करून ठेवा, दुसऱ्या कॅसेटसाठी परत आणावा लागतो. काकूंनी पेनड्राइव्ह नातवाकडं दिला आणि कॅसेट स्वतःकडं मागून घेतली. "ती दे आधी," म्हणाल्या.

लेथवाल्या काकांची कॅसेटही झाली. ती अमेरिकन पद्धतीची (एनटीएससी) नाही, बुरशी नाही, सरळ चालली.

हिशोब: मशीनचे ९००, कपॅसिटर आणि पट्टे मिळून ४५०, ओ-रिंगा ६०, अल्कोहोल, कापड, सिलिका जेल ८००, कॅप्चर पट्टी ७००, हार्ड डिस्क ६,२००. डीव्हीडी रेकॉर्डर फुकट, मामांना चहा. स्वतंत्र डिस्क घ्यायची नसेल तर खर्च निम्म्याहून कमी होतो, पण एकाच डिस्कवर सगळं ठेवण्यात अर्थ नाही, दुसरी वर्गणीतून घ्यायची आहे.

मशीन तालमीच्या ऑफिसात आहे, वर काळं फडकं. जादा ओ-रिंगा झाकणाच्या आतल्या बाजूला पुडीत चिकटवल्यात. रिवाइंड मशीनवर करू नका, फळीवर करा. पेठेतल्या ज्यांना स्वतःच्या कॅसेट उतरवायच्या आहेत त्यांनी खिडकीतून पट्टी बघून आणाव्या, पांढरं दिसलं तर आधी सांगावं. आणि जूनच्या आत यावं, पाऊस लागला की गच्चीवरचं काम बंद.